मिताहार आणि योगाभ्यास

योगासनें शिकूं लागलेले विद्यार्थी एक प्रश्न वारंवार विचारतात. "मांसाहार सोडल्यावांचून योग साधतो काय?" प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याच्या उत्तरावर वाढत्या वयाच्या मुलांचें शरीरपोषण अवलंबून आहे, आणि एका पंक्तीस बसणाऱ्या मुलांचा परस्परांविषयींचा आदरही अवलंबून आहे. यास्तव योगग्रंथ या बाबतींत काय सांगतात, हें येथें क्रमानें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पतंजलीचीं योगसूत्रें घेऊं. त्यांत योगाचीं आठ अंगें सांगितलीं आहेत. पहिलें अंग यम, आणि पांच यमांतील पहिला यम अहिंसा. आसन हें तिसरें अंग होय. म्हणजे शरीर वळविण्याच्या आधीं परपीडा टाळावयाची, असा हा क्रम आहे. खाद्याखाद्याची यादी सूत्रांत नाहीं. तथापि हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली व अनुमोदिलेली अशी तीन प्रकारची असते, असें पतंजलि सांगतो. आणि लोभानें होणाऱ्या हिंसेचें उदाहरण देतांना व्यासभाष्यांत मांस व चामडें यांचाच उल्लेख येतो. "आम्हीं कोठें मारिलें? आम्हीं केवळ विकत घेतलें," या सबबीस तेथें जागा उरत नाहीं. योगाभ्यासी लोकांत मांसवर्जनाची जी परंपरा आढळते, तिचा एक मोठा आधार हा आहे.

भगवद्गीतेंत हाच विषय दुसऱ्या बाजूनें आला आहे. अति खाणाऱ्यास योग साधत नाहीं आणि मुळींच न खाणाऱ्यासही साधत नाहीं, असें सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे. सतराव्या अध्यायांत आहाराचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद केले आहेत. हे भेद अन्नाची चव, ताजेपणा व परिणाम यांवरून ठरतात. फार तिखट, खारट व आंबट अन्न राजस. शिळें व उष्टें अन्न तामस, मग तें निव्वळ भाजीपाल्याचें कां असेना.

तिसरा ग्रंथ स्वात्मारामाची हठयोगप्रदीपिका. हा सुमारें १५ व्या शतकांतील ग्रंथ अगदीं नांवें घेऊन पथ्य सांगतो. गहूं, तांदूळ, जव, मूग, दूध, तूप, लोणी, साखर, मध, सुंठ, पडवळ इत्यादि पदार्थ पथ्यकर. मद्य, मासे व मांस वर्ज्य. परंतु त्यांच्याच ओळींत तीळ, मोहरी, तेल, दहीं, ताक, हिंग, लसूण व कुळीथही वर्ज्य! म्हणजे कोंकणांतील कुळथाचें पिठलें आणि देशावरील लसणीचा ठेचा हे शुद्ध शाकाहारी पदार्थ हठयोग्याच्या ताटांतून गेले. उलट प्राण्यापासून मिळणारें दूधतूप अभ्यासाच्या आरंभीं प्रशस्त ठरलें. यावरून शाकाहार व योग्याचा आहार हे एकच नव्हेत, हें उघड होतें.

या ग्रंथाचा मुख्य भर मिताहारावर आहे. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवावें, असा त्याचा नियम. घेरंडसंहितेंत तोच नियम अधिक फोड करून सांगितला आहे: अर्धें पोट अन्नास, पाव पाण्यास, पाव वायूच्या संचारास. यांतील शहाणपण सहज पटण्यासारखें आहे. जठर तुडुंब भरलें म्हणजे वरील श्वासपटलास खालीं सरकण्यास पुरेशी जागा मिळत नाहीं व दीर्घ श्वास घेणें जड जातें. पुढें वांकण्याचीं आसनेंही करवत नाहींत. म्हणून योगाभ्यास रिकाम्या पोटीं करावा, असें शिक्षक सांगतात.

अलीकडे दूध व मधही वर्ज्य करणारा एक वर्ग निघाला आहे. या मताची संस्था इंग्लंडांत १९४४ सालीं स्थापन झाली. त्यामागील प्राणिदया आदरणीय आहे. परंतु असा आहार घेणारानें एक गोष्ट विसरूं नये. रक्तास व मज्जातंतूंस आवश्यक असलेलें ब१२ हें जीवनसत्त्व, जें १९४८ सालीं प्रथम शुद्ध स्वरूपांत वेगळें काढण्यांत आलें, तें धान्यांत, फळांत वा भाजींत भरवशानें मिळत नाहीं. दूधही सोडणारानें तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें अन्य मार्गानें घेतलेंच पाहिजे. बाकीची पुष्कळशी सोय आपल्या साध्या जेवणांत आहे. भाकरींत जें प्रथिनांश कमी, तें वरण वा उसळ पुरवितें. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. पालेभाजीवर लिंबू पिळल्यानें तींतील लोह अंगीं अधिक लागतें. जेवणाबरोबर चहा घेतल्यास तें कमी लागतें.

विद्यार्थिमित्रहो, आतां प्रश्नाचें उत्तर देऊं. जो योगाचा अभ्यास मनापासून करूं इच्छितो, त्यानें मांस सोडणें हें योगाच्या पहिल्या यमास धरून आहे. सोडावयाचें तर घरच्या वडील मंडळींस विचारून, शरीराची उणीव भरून काढून सोडावें. परंतु मांस सोडूनही जो आकंठ जेवतो, अन्न टाकतो, किंवा शेजाऱ्याच्या ताटांतील मासळी पाहून नाक मुरडतो, त्याचा यम अद्यापि सुरू झालेला नाहीं. कारण मनास दिलेली पीडा हीही पीडाच होय. आपलें ताट आपण तपासावें. शेजाऱ्याच्या ताटांत काय आहे हें पाहण्यापेक्षां त्यांत पुरेसें आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.