मोटारीच्या रंगाची निगा

बिलोलीकडील काळी चिकणमाती व मांजरेची वाळू मोटारीवर बसते. ती कोरड्या फडक्यानें पुसल्यास कण रंगावर ओरखडे पाडतात. रंग गेला कीं पत्रा गंजतो. म्हणून प्रथम भरपूर पाणी ओतून चिखल भिजवून काढावा. धुण्याचा सोडा वापरूं नये. त्यानें मेणाचा लेप निघून जातो. मोटारीसाठींच केलेला सौम्य शांपू घ्यावा व काम सावलींत करावें. पॉलिश रंगाचा सूक्ष्म थर घासून काढितें. तें ओरखडे असतील तेव्हांच लावावें. मेण मात्र रंगावर राहून त्याचें रक्षण करितें. ब्राझीलमधील ताडजातीच्या झाडाच्या पानांवरील कार्नौबा मेण याकरितां प्रसिद्ध आहे. आधीं धुणें, मग पॉलिश, शेवटीं मेण, हाच क्रम आम्ही सुचवितों.