ट्रॅक्टरचा सुटा भाग वेळेवर मिळण्यासाठी

७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, अशी शिफारस आहे. तेवढा पाऊस पडून वाफसा आला की भारी काळ्या जमिनीत पेरणीला मोजकेच दिवस मिळतात. पुन्हा पाऊस लागला तर ट्रॅक्टर शेतात जात नाही आणि ऊन तापले तर वरचा थर सुकतो. नेमक्या याच दिवसांत क्लच प्लेट गेली आणि डीलरकडून "भाग मागविला आहे, येईल आठ दिवसांत" असे उत्तर मिळाले, तर होणारे नुकसान त्या भागाच्या किमतीत मोजता येत नाही. समजा, भाग ९०० रुपयांचा आहे आणि शेत १० एकर आहे. भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरणीला एकरी १,००० रुपये लागले तर १०,००० रुपये गेले. त्यातही त्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर रिकामा मिळाला तर! पेरणी लांबल्याने उत्पादनात येणारी घट वेगळीच.

सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक जाणवतो. येथून सेलू, जिंतूर आणि मंठा अशा तिन्ही बाजूंना रस्ते जातात, वाहनांची सोयही आहे. परंतु ट्रॅक्टरच्या खास भागासाठी तालुक्याला, तेथे न मिळाल्यास परभणी किंवा जालन्याला जावे लागते. एक चक्कर म्हणजे एक दिवस. चुकीचा भाग आणला तर दोन दिवस.

उशीर कोठे होतो?

डीलरकडे सर्व भाग ठेवलेले नसतात. एका ट्रॅक्टरमध्ये हजारो भाग असतात आणि एकाच कंपनीची अनेक मॉडेल असतात. म्हणून डीलर रोज खपणारे फिल्टर, पट्टे, क्लच प्लेट एवढेच ठेवतो. बाकीचे भाग कंपनीच्या गोदामातून मागवावे लागतात. सर्वसाधारण साठ्याची मागणी अनेक ठिकाणी ठरावीक दिवशी एकत्र करून पाठवितात. तुमची मागणी आदल्या दिवशी हुकली तर ती पुढच्या खेपेपर्यंत पडून राहते. यंत्र बंद पडलेल्या ग्राहकासाठी तातडीची मागणी करण्याची वेगळी सोय बहुतेक कंपन्यांकडे असते. तिला भाडे जादा लागू शकते. परंतु आपण विचारल्याशिवाय ती सुचविली जाईलच असे नाही. म्हणून "माझी मागणी साठ्याच्या यादीत लावली की तातडीची केली?" हा प्रश्न स्पष्ट विचारावा.

कधी डीलरचेच कंपनीकडील देणे थकलेले असते आणि माल अडतो. हे कारण कोणी तोंडाने सांगत नाही. दोन वेळा तारीख उलटली तर त्याच कंपनीच्या शेजारच्या जिल्ह्यातील डीलरकडे भाग आहे का, याची फोनवर चौकशी करावी.

तथापि, सर्वांत जास्त दिवस जातात ते चुकीचा भाग मागविल्यामुळे. "पन्नास एचपीचा वॉटर पंप द्या" एवढे सांगून चालत नाही. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपनी मधल्या काळात बदल करते आणि जुना भाग क्रमांक रद्द होऊन नवा येतो. त्यामुळे ट्रॅक्टरचा चासी क्रमांक, इंजिन क्रमांक व उत्पादनाचा महिना-वर्ष एका कागदावर लिहून तो कागद पाकिटात ठेवावा. जुना भाग काढल्यावर त्यावरील ठसा पुसून वाचावा आणि शक्य असेल तर तो भाग सोबतच न्यावा. इंजिनाचे काम निघाले असेल तर विशेष काळजी घ्यावी. क्रँक शाफ्ट ग्राइंड केल्यानंतर बेअरिंगचे कवच कमी मापाचे लागते. ते माप ग्राइंडिंग झाल्यावरच निश्चित होते. लेथवाल्याकडून माप लिहून घेतल्याशिवाय कवच मागवू नये. बोअर वाढविल्यास पिस्टनचेही तसेच आहे.

डीलरकडे न जाता मिळणारे भाग

ही बाब अनेकांना माहीत नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, रोटाव्हेटर यांत लागणारे कितीतरी भाग कोणत्याही एका कंपनीचे नसतात. ते प्रमाणित मापाचे असतात आणि त्यांचा क्रमांक त्यांच्या अंगावरच कोरलेला असतो.

बॉल बेअरिंग घ्या. त्यावर ६२०५ असा आकडा असेल तर आतील व्यास २५ मि.मी., बाहेरील व्यास ५२ मि.मी. व रुंदी १५ मि.मी. असते, मग बनविणारा कोणीही असो. ६२०६ मध्ये हीच मापे ३०, ६२ व १६ मि.मी. असतात. आकड्यापुढील अक्षरे झाकण व ढिलाई यांविषयी असतात. तीही लिहून घ्यावीत. ऑइल सीलवर ३५-५२-७ असे तीन आकडे असतात. ते अनुक्रमे शाफ्टचे, घराचे व रुंदीचे माप होय. मळणी यंत्राच्या पट्ट्यावर बी-५२ असे छापलेले असेल तर 'बी' हा पट्ट्याच्या जाडी-रुंदीचा गट आणि ५२ ही इंचातील आतील लांबी समजावी. हे भाग बेअरिंगच्या किंवा पट्ट्यांच्या कोणत्याही चांगल्या दुकानात मिळतात. त्यासाठी कंपनीच्या गोदामाची वाट पाहण्याचे कारण नाही. आकडा झिजून गेला असेल तर व्हर्निअरने माप घ्यावे.

याउलट इंजेक्शन पंपाचे अंतर्गत भाग, गिअर, हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट यांत तडजोड करू नये. हे बोल्ट लेथवर बनवून घेणे म्हणजे इंजिन फोडण्याची तयारीच! १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नवीन ट्रॅक्टरना धुराचे कडक मानक लागू झाले. अशा अनेक ट्रॅक्टरमध्ये इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. त्यातील बिघाड कंपनीचे तपासणी यंत्र लावल्याशिवाय नीट कळत नाही. गावातल्या मिस्त्रीने अंदाजाने सेन्सर बदलत बसू नये.

हंगामापूर्वीची तपासणी

डीलरकडे जून व ऑक्टोबरमध्ये एकदमच गर्दी होते, कारण पेरणी आणि सोयाबीनची मळणी सर्वांची एकाच वेळी येते. म्हणून खरिपासाठी एप्रिलमध्ये आणि मळणीसाठी ऑगस्टमध्ये यंत्र तपासावे. क्लच घसरतो का, हायड्रॉलिक भार धरते का, वॉटर पंपाच्या शाफ्टला हालचाल आहे का, रेडिएटरचे होज फुगले आहेत का, पेरणी यंत्राच्या साखळ्या व बियाण्याच्या चकत्या शाबूत आहेत का, हे पाहावे. त्या वेळी मागविलेला भाग पंधरा दिवसांनी आला तरी बिघडत नाही.

घरी डिझेल व ऑइल फिल्टर, पंख्याचा पट्टा, रेडिएटरचे होज, रोटाव्हेटरची पाती व बोल्ट आणि मळणी यंत्राचा एक पट्टा ठेवावा. क्लच प्लेट प्रत्येकाने घेऊन ठेवणे परवडत नाही. परंतु गावात एकाच मॉडेलचे पाच-सहा ट्रॅक्टर असतील तर वर्गणीतून एक ठेवता येईल. अवजारे बँक चालविणाऱ्या गटांनी तर हे करावेच.

सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर व ठरावीक सुटे भाग यांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलात कोणता दर लावला आहे, ते पाहावे.

जुना ट्रॅक्टर घेताना त्याचे भाग मिळतात का, याची चौकशी आधी करावी. एचएमटीचे उदाहरण पाहा. १९७१ पासून हरियाणातील पिंजोर येथे झेटरच्या तंत्रावर बनणारा हा ट्रॅक्टर मजबूत म्हणून नावाजला होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्याचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मंजुरी दिली. अशा यंत्राची सर्व भिस्त बाहेर बनणाऱ्या भागांवर आणि जुन्या यंत्रांच्या सुट्या सामानावर राहते. किंमत कमी दिसली तरी हा खर्च हिशेबात धरावा.

पैसे भरले, भाग आला नाही

आगाऊ रक्कम देताना पावतीवर भाग क्रमांक, मागणीची तारीख व भाग देण्याची अपेक्षित तारीख लिहून घ्यावी. डीलरने टाळाटाळ केली तर कंपनीच्या विभागीय कार्यालयाला पावतीच्या प्रतीसह लेखी कळवावे.

मोटारगाड्यांचे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड केला होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि हा आदेश ट्रॅक्टरसाठी नव्हता. परंतु पुढे ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जी चार क्षेत्रे निवडली, त्यांत शेती अवजारे आहेत. २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या विभागाच्या 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळावर सहभागी कंपन्यांची दुरुस्ती व सुट्या भागांविषयीची माहिती पाहता येते.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. ट्रॅक्टर स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून वापरणारा शेतकरी २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहकच ठरतो. मात्र पक्के बिल हवे. कोऱ्या चिठ्ठीवर पैसे दिले असतील तर आयोगापुढे दाखविण्यासारखे काही हाती राहत नाही.