घर आत्ताच मुलाच्या नावावर करू का?

प्रश्न : मी ७१ वर्षांची. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. नाशिकचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, बक्षीसपत्र करून टाक.’ नाही म्हटलं तर तो दुखावेल, हो म्हणायला मन धजत नाही. काय करू?

उत्तर : ताई, मन धजत नाही म्हणजे मुलावर विश्वास नाही, असं नव्हे. उतारवयात हक्काचं छप्पर हाच मोठा आधार असतो. बक्षीसपत्र नोंदवलं की मालकी लगेच मुलाकडे जाते आणि ते सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं. हयातीत ते केव्हाही बदलता येतं. म्हणून मृत्युपत्रच करा. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

बक्षीसपत्र करायचंच ठरलं, तर तुमचा सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ नुसार, अट मोडल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं.

मुलाला जवळ बसवून मायेनं सांगा, ‘घर तुलाच द्यायचंय, पण माझ्यामागे.’ त्याची काही आर्थिक अडचण आहे का, तेही विचारा. मोकळं बोलणं झालं, की नात्यातला ताण निम्मा हलका होतो.