दोष बल्बचा की होल्डरचा?

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, प्रसिद्ध आहे. पैंजणाच्या बारीक कड्या जुळवताना कारागिराला भरपूर उजेड लागतो. समजा, अशा एका कारखान्यातला दिवा लुकलुकू लागला. नवा बल्ब लावला, तरी लुकलुकणे थांबले नाही. शेजारचे पत्रा दाबण्याचे यंत्र सुरू झाले की ते वाढतेच. मग दोष कोठे असेल?

बल्ब काढून होल्डर कसा असतो ते आठवा. त्यात स्प्रिंगवर बसवलेल्या दोन पितळी पिना असतात. बल्ब दाबून फिरवला की या पिना बल्बच्या टोकांवर घट्ट टेकतात व प्रवाह सुरू होतो. वर्षानुवर्षे उष्णता सोसून स्प्रिंग ढिली पडते. पिनांवर काजळी आणि ऑक्साइडचा थर चढतो. मग यंत्राच्या हादऱ्याने संपर्क सुटतो, जुळतो आणि तेथे ठिणग्या उडतात.

ढिल्या संपर्काचा रोध वाढतो, हा खरा धोका होय. 230 व्होल्टवर 100 वॅटचा बल्ब सुमारे 0.43 अँपिअर प्रवाह घेतो. संपर्काचा रोध 10 ओहम झाला असे धरू. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे 1.9 वॅट उष्णता पिनेच्या टोकाएवढ्या जागेत निर्माण होते! त्यामुळे होल्डर करपतो, तारांचे वेष्टण कडक होऊन तडकते. एलईडी दिवा फार थोडा प्रवाह घेतो, म्हणून त्याच्या संपर्कात उष्णता कमी होते; पण ढिल्या होल्डरात तोही लुकलुकतो.

गंमत अशी, की हुपरीचे कारागीर जी चांदी हाताळतात, ती सर्व धातूंत विजेची सर्वांत चांगली वाहक आहे. अनेक स्विचांच्या आतील टोकांना चांदीचा किंवा तिच्या मिश्रधातूचा वापर करतात. होल्डरमध्ये मात्र स्वस्त आणि टणक पितळ वापरतात.

बिघडलेला होल्डर घासूनपुसून चालवू नये, बदलावा. हे काम जाणकार मोठ्या माणसाचे. तुम्ही केवळ पाहा. तो आधी मुख्य स्विच बंद करतो. दिव्याचे बटण बंद करणे पुरेसे का नाही? कारण बटण चुकून न्यूट्रल तारेवर जोडलेले असेल, तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते! म्हणून तो टेस्टरने खात्री करून घेतो. मग तारांची करपलेली टोके कापून नवी टोके सोलतो, ती स्क्रूखाली घट्ट आवळतो आणि तारेवर ताण येऊ नये याची काळजी घेतो. जेथे उष्णता जास्त, तेथे चिनी मातीचा होल्डर चांगला.

तुम्ही हा प्रयोग करून पाहा. टॉर्चचे दोन सेल आणि टॉर्चचाच लहान बल्ब तारांनी जोडा. मध्ये एक गंजलेला खिळा घ्या. तारेचे टोक गंजावर हलकेच टेकवा. बल्ब लागतो का? आता खिळा कानशीने घासून पुन्हा टेकवा. फरक का पडला, ते तुम्हीच सांगा. हा प्रयोग घरातल्या विजेवर मात्र कधीही करू नका.