आधी वरचा प्लग

आमच्या बीडकडे स्पोर्ट्स कार दिसली की माणसं रस्त्यात थांबून बघतात, कारण ती इथली नसते. पुण्याहून कुणाच्या तरी लग्नाला आलेली असते. इथली हौसेची गाडी म्हणजे जुनी जीप. आमची एमएम ५४०, प्यूजोच्या डिझेल इंजिनाची, वडिलांच्या काळातली. तिच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा आहे. गराजवाले त्याला नुसतं हौसिंग म्हणतात. आत क्राऊन आणि पिनियन ही दातेरी जोडी, आणि वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे छोटे गिअर. हे सगळं मिळून डिफ्रन्शल. इंजिनाचं तेल सगळेच बदलतात. याची आठवण मात्र गाडी घाटात घुमायला लागली की होते, आणि तोवर दात झिजलेले असतात.

लिहितोय ते जीपचं, पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या कुठल्याही जुन्या गाडीला, म्हणजे अँबॅसडरला, पद्मिनीला किंवा एखाद्या खऱ्या स्पोर्ट्स कारलाही, हीच रीत लागू पडते. मारुती ८०० ला नाही. तिचं डिफ्रन्शल गिअरबॉक्सच्या पोटातच असतं आणि दोघांचं तेलही एकच.

तेल कोणतं?

दुकानात ‘गिअर ऑइल द्या’ म्हटलं की नव्वद नंबर समोर येतं. नव्वद हा घट्टपणाचा आकडा. इंजिन ऑइलच्या चाळीसशी त्याची तुलना करू नका, दोन्हींची मोजपट्टी निराळी आहे. तापल्यावर गिअरचं नव्वद आणि इंजिनाचं चाळीस-पन्नास साधारण सारखंच वाहतं. ८०डब्ल्यू-९० मधला पहिला आकडा थंडीचा: ८०डब्ल्यू तेल उणे २६ अंशांपर्यंत आणि ८५डब्ल्यू उणे १२ अंशांपर्यंत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घट्ट होत नाही. डिसेंबरात पाटोद्याच्या माळावर हुडहुडी भरते खरी, पण उणे बारा? आमचा छळ उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या घरात, आणि धारूरच्या घाटात पुढे रखडणारा ट्रक असला तर दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढायचं.

माझा कौल असा. गाडीच्या पुस्तकात ९० सांगितलं असेल आणि गिअर धड असतील तर ८०डब्ल्यू-९०. गाडी रोज ओझं ओढत असेल, घाट नेहमीचा असेल आणि दात थोडे झिजलेले असतील तर ८५डब्ल्यू-१४०. एकशेचाळीस टाकल्यावर आवाज दबतो. दबतो म्हणजे बरा होत नाही. जुनी जीप विकणारे हे पक्कं जाणून असतात. काही बिलंदर तर हौसिंगमध्ये लाकडाचा भुसा भरतात. चार दिवस गाडी मांजरासारखी चालते, पाचव्या दिवशी बेअरिंग मागते. म्हणून जुनी गाडी घेताना चक्कर मारण्याच्या आधी हौसिंगचा तेल भरायचा वरचा प्लग उघडून आत बोट घालावं.

नंबराइतकंच महत्त्वाचं डब्यावरचं दुसरं लेबल, जीएल. ते का बघायचं हे कळायला आतली मांडणी कळली पाहिजे. पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर नसतो, थोडा खाली बसवलेला असतो. या मांडणीला हायपॉइड म्हणतात. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये ती मोटारीत आणली. गिअरबॉक्सकडून मागे येणारा मधला दांडा खाली गेला, त्याबरोबर गाडीचं बूडही खाली बसवता आलं. फायदा मोठा, पण दातांचे हाल झाले. पाट्यावर वरवंटा जसा नुसता फिरत नाही, घासत सरकतो, तसे हे दात एकमेकांवर सरकतात. त्या दाबाखाली साधं तेल पिळून बाहेर पडतं. म्हणून यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दात जिथे तापतो तिथे ती लोखंडाशी संयोग पावून पातळ थर धरतात. झिजतो तो थर, दात वाचतो. गिअर ऑइलला येणारा तो सडका वास गंधकाचा.

जीएल-५ मध्ये हा मसाला जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतो. हायपॉइड डिफ्रन्शलला जीएल-५ च हवं. गिअरबॉक्सला मात्र ते नको, कारण तिथे गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगा असतात आणि जास्त गंधक पितळ खातं. जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सला जीएल-४. एकच डबा आणून दोन्हीकडे ओतायचा मोह होतो, तो टाळा. डब्यावर ‘ईपी’ लिहिलंय एवढ्यावरही भुलू नका, ते दोन्हींवर असतं.

शेतावर ट्रॅक्टरसाठी आणलेला डबा पडलेला असतो, तोही यात ओतू नका. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात त्याचं तेल हायड्रॉलिक आणि ब्रेकही सांभाळतं. हायपॉइड दातांना ते पुरत नाही. आणि आमचं तेल त्या ट्रॅक्टरला घातलं तर त्याचे ब्रेक बिघडतात. स्पोर्ट्स कारवाल्यांसाठी एवढंच: डिफ्रन्शल लिमिटेड स्लिपचं असेल तर आत बहुधा क्लचच्या चकत्या असतात. त्यांना घर्षण सावरणारा वेगळा मसाला लागतो. तो असलेलंच तेल घ्या, नाहीतर वळणावर गाडी खडखडते.

सुटं, ड्रममधून मोजून दिलेलं तेल घेऊ नका. जीपच्या एका हौसिंगला साधारण सव्वा ते दीड लिटर लागतं. फोर बाय फोर असेल तर पुढेही तसंच दुसरं हौसिंग आहे, त्याचा हिशोब धरा.

आता काम

सामान थोडंच: पाने, रॅचेट, तारेचा ब्रश, पसरट घमेलं, नळी लावलेली तेलाची पिचकारी (नसेल तर नरसाळं आणि हातभर नळी), खालच्या प्लगसाठी नवा वॉशर आणि भरपूर चिंध्या.

गाडी आधी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. गरम तेल सळसळून उतरतं आणि तळातला गाळ सोबत घेऊन येतं. मग सपाट जागा शोधा. जीप उंच असते, पोटाखाली सरपटत जाता येतं, म्हणून जॅक लावायची गरज नाही. लावूच नका, मागची बाजू उचलली की तेलाची पातळी खोटी दिसते. बुटकी गाडी असेल तर चारी चाकं सारखी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. पुढच्या-मागच्या चाकांना दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा.

हौसिंगवर चिखलाचा थर असतो. आमच्याकडचा काळा चिखल वाळला की सिमेंटच. प्लगच्या भोवती तो तारेच्या ब्रशने खरवडून काढा, नाहीतर प्लग निघताच ढेकूळ आत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट. हौसिंगला साधारण मध्यावर एक प्लग असतो, तेल भरायचा. तळाशी दुसरा, सोडायचा. आधी वरचा खोला. तो निघाला तरच खालच्याला हात लावा.

हे मी पैसे मोजून शिकलो. श्रावणातला शनिवार होता. सोमवारी पहाटे घरच्यांना परळीला वैजनाथाच्या दर्शनाला न्यायचं होतं, म्हटलं तेल बदलून टाकू. खालचा प्लग लगेच सुटला, तेल भळाभळा घमेल्यात. मग वरच्याकडे वळलो. जीपच्या या प्लगला बहुधा चौकोनी खाच असते आणि तिच्यात रॅचेटचा चौकोन बसतो. मी जोर लावला, खाच गोल झाली. तेल बाहेर, भरायला वाट नाही, गाडी जागची हलवता येईना. सोमवारी आम्ही एसटीने परळीला गेलो. मंगळवारी आमच्या मिस्त्रींनी, त्यांना सगळे चाचा म्हणतात, रात्रभर डिझेल मुरवलेल्या त्या प्लगवर एक नट वेल्डिंगने चिकटवला, निवू दिला आणि पान्याने फिरवला. प्लग आला. “भाऊ, आत जायची वाट बघितल्याशिवाय बाहेर काढायचं नसतं,” एवढंच म्हणाले.

तेव्हा वरचा प्लग हट्टी असेल तर आदल्या रात्री डिझेल मुरवा, सकाळी हातोडीने डोक्यावर चार टिचक्या द्या, आणि खाचेतला कचरा काढून रॅचेट पूर्ण खोल बसलाय हे बघून मगच जोर लावा.

वरचा निघाला की घमेलं सरकवून खालचा खोला. शेवटचे आटे बोटांनी फिरवा आणि हात झटकन बाजूला घ्या, तेल गरम आहे. मग चहा घेऊन या. वीस मिनिटं तरी ठिबकू द्या. काही हौसिंगना खाली प्लगच नसतो. अशा वेळी मागचं गोल कव्हर काढावं लागतं. सगळे बोल्ट ढिले करा, वरचा एक तसाच अडकवून ठेवा, आणि खालची कड पातळ पट्टीने हळूच उचका. कव्हर काढायचा फायदा असा की क्राऊनचे दात डोळ्यांनी दिसतात.

घमेल्यातल्या तेलात बोट बुडवून उन्हात धरा. नुसतं काळं असेल तर म्हातारं झालंय, बाकी काही नाही. प्लगच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर काळं, मऊ, काजळासारखं लेपण जमलेलं असतं. ते दोन बोटांत चोळा. गुळगुळीत लागलं तर नेहमीची झीज. कण टोचले, चकाकणारे पापुद्रे दिसले तर बेअरिंग नाहीतर दात सुटायला लागलेत. नवं तेल भरून गप्प बसू नका. आणि तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की हे होतं. गरम हौसिंग थंड पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. हौसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर करायला. तो चिखलाने बुजला की हवा सीलमधून वाट काढते आणि पाणीही तिथूनच शिरतं. तो फुंकून, तार घालून मोकळा करा.

काही गराजांत या वेळी आत डिझेल ओतून हौसिंग धुतात. मला ते पटत नाही. कोपऱ्यात उरलेलं डिझेल नवं तेल पातळ करतं. कव्हर उघडलं असेल तर चिंधीने तळ पुसा, धागा मागे राहू देऊ नका.

खालचा प्लग नवा वॉशर घालून बसवा. कव्हर काढलं असेल तर जुनं गास्केट दोन्ही बाजूंनी पूर्ण खरवडा, नवं लावा, बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळा. मग वरच्या भोकातून नळी आत घालून तेल सावकाश भरा. भोकाच्या कडेवरून बारीक धार सांडायला लागली की थांबा, पाच मिनिटं जाऊ द्या, पुन्हा थोडं टाका. धार ठिबक्यावर आली की पातळी झाली. पुस्तकातला लिटरचा आकडा अंदाजाला, निकाल भोकाचा.

जास्त भरण्यात शहाणपण नाही. गाडी एका बाजूला चढवून आणखी अर्धा लिटर कोंबणारे मी पाहिलेत. ते जास्तीचं तेल तापलं की एक्सलच्या सीलमधून ब्रेक ड्रममध्ये उतरतं, लायनर भिजतात, आणि मांजरसुंब्याचा घाट बीडकडे उतरताना ब्रेक दाबला की गाडी एकीकडे ओढते.

वरचा प्लग लावा. त्याचे आटे बहुधा निमुळते असतात, बेतानेच आवळा. पुढच्या वेळी तो तुम्हालाच उघडायचा आहे.

निघालेलं तेल नालीत ओतू नका, विहिरीजवळ तर नाहीच. आमच्याकडे ते वाया जात नाही. कुणी गोठ्याच्या लाकडाला वाळवीसाठी लावतो, ऊसतोडीला निघायच्या आधी कुणी टायरगाडीच्या साखळ्यांना मागून नेतो. उरलेलं जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या.

पन्नासेक किलोमीटर चालल्यावर गाडी रात्रभर उभी करून हौसिंगखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी मधोमध ठिपका दिसला तर खालचा प्लग पाव आटा आवळा. ठिपका पिनियनच्या तोंडापाशी असेल तर पुढचं सील. चाकाच्या आतून ओघळ असेल आणि त्याला तो गंधकाचा वास असेल तर एक्सलचं सील गेलंय. ड्रम उघडून लायनर बघितल्याशिवाय घाटाकडे निघू नका.