पिल्ले कळपात येतात

सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मक्याची व कपाशीची शेते पसरलेली आहेत. शेतांच्या कडेला वस्त्या आहेत, आणि वस्तीवरील घराच्या अंगणात बहुधा दहा-पाच कोंबड्या चरताना आढळतात. पहाटे कोंबडा आरवतो, खुराड्याचे दार उघडते आणि कोंबड्या एकामागून एक बाहेर पडतात. घरधनीण मक्याची भरड अंगणात टाकते. वरवर पाहणाऱ्याला तेथे नुसती झुंबड दिसते. परंतु चार दिवस नीट निरखले, म्हणजे या झुंबडीलाही एक रीत आहे, हे ध्यानात येते. एक ठरावीक कोंबडी सर्वांआधी दाण्यांवर चोच घालते. दुसरी तिला वळसा घालून पलीकडे जाते. आणि सर्वांत शेवटची बिचारी कडेला उडालेले दाणे भीतभीत टिपते.

ही रीत शास्त्रीय लेखनात प्रथम सविस्तर मांडली, ती नॉर्वे देशातील थोरलाइफ श्येल्डरूप-एब्बे याने. त्याचा जन्म १८९४ सालचा. लहानपणीच त्याला कोंबड्यांचा नाद लागला. इतर मुले खेळत असता हा मुलगा कोणती कोंबडी कोणाला टोचते, याची टिपणे ठेवीत असे. पुढे १९२२ साली त्याने या विषयावर जर्मन भाषेत निबंध प्रसिद्ध केला. कळपातील कोंबड्या एकमेकींना ओळखतात. वरच्या मानाची कोंबडी खालच्या मानाच्या कोंबडीला टोचते, पण खालची उलट टोचत नाही, असे त्याने दाखवून दिले. क्वचित पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी पुन्हा पहिलीला टोचते, असा चमत्कारिक त्रिकोणही त्याला आढळला! एकदा हा मान ठरला, की रोजचे भांडण मिटते. नुसती मान उंचावून पाहिले, तरी खालची कोंबडी बाजूला सरते. म्हणजे टोचण्याच्या या क्रमामुळेच कळपात शांतता नांदते.

आता अशा नांदत्या कळपात महिन्याभराचे पोरके पिल्लू एकदम सोडले, तर काय होईल? त्या पिल्लाला कोणी ओळखत नाही, आणि त्याला तर त्या घरची रीतच ठाऊक नाही. ते थेट दाण्यांकडे धावते. पहिला फटका बसतो; निसटायला जागा नसली, तर दुसरा बसतो; आणि अंगावर रक्ताचा ठिपका दिसला, की त्या लाल रंगावर साऱ्याच चोचा पडू लागतात. संध्याकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात पिल्लू मरून पडलेले आढळते. घरातील मुले कोंबड्यांना दुष्ट म्हणतात. वास्तविक कोंबड्यांनी आपली रीत पाळलेली असते. घाई माणसाने केलेली असते. अंड्यांच्या विक्रीवर मीठ-मिरची भागवणाऱ्या घराला ही घाई परवडत नाही.

पिल्लांना आई असली, तर हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते. पिल्ले बाहेर आली, की ती त्यांना घेऊन कळपातच हिंडते. एरवी सर्वांत मागे राहणारी कोंबडीसुद्धा त्या दिवसांत पिसे फुलवून मोठ्या कोंबड्यांवर, इतकेच नव्हे तर मांजरावरही धावून जाते. तिच्या पंखांआडून पिल्ले कळपाची रीत पाहतात व कोणापासून दूर राहावे, ते शिकतात. म्हणूनच जाणत्या बाया विकत आणलेली एक दिवसाची पिल्ले रात्रीच्या अंधारात हलकेच खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सरकवतात. सकाळी ती पुष्कळदा त्यांना आपलीच मानते. मात्र सकाळी कोणीतरी लक्ष ठेवावे लागते, कारण प्रत्येक खुडूक कोंबडी ही फसवणूक सोशीतच असे नाही.

आईवाचून वाढवलेल्या पिल्लांची गोष्ट निराळी. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस इतकी ऊब लागते. पुढे अंगावर पिसे येतील तशी ती कमी करीत जातात. या काळात त्यांना मोठ्यांपासून दूरच ठेवणे इष्ट. ते केवळ टोचणीच्या भीतीने नव्हे. मोठ्या कोंबडीच्या पोटात रक्ती हगवणीचे जंतू असले, तरी ती धडधाकट हिंडत असते. त्याच जंतूंनी कोवळे पिल्लू मात्र दगावते. मानमोडीची लसही पिल्लांना वेळेवर टोचून किंवा डोळ्यात थेंब घालून द्यावी लागते.

पुढची पायरी ओळखीची; आणि येथे आपल्याकडचे बांबूचे डालगे फार उपयोगी पडते. घारीपासून राखण्यासाठी पिल्ले डालग्याखाली झाकून अंगणात ठेवण्याची चाल जुनीच आहे. डालग्याच्या फटींतून पिल्ले मोठ्या कोंबड्यांना पाहतात, कोंबड्याही त्यांना पाहतात. चोच आत पोहोचत नाही. पिल्ले मोठी होऊन डालगे अपुरे पडले, म्हणजे जाळी लावलेला आडोसा करतात. असे काही दिवस गेले, की त्या नवख्या जिवांकडे पाहण्याची कळपाला सवय होते.

मग आठ ते बारा आठवड्यांची, अंगाने भरलेली पिल्ले मोकळ्या अंगणात सोडावी, खुराड्यात नव्हे. एकटे पिल्लू कधीही सोडू नये, सारी एकदमच सोडावी, म्हणजे टोचण्या एकावरच पडत नाहीत. दाणापाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे. आडोशाला पिल्लू शिरेल पण कोंबडी शिरणार नाही, एवढीच वाट ठेवावी. त्या वाटेपलीकडे पिल्लांचे खाणे असावे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या विकतच्या खाद्यात चुना पुष्कळ असतो व तो वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधतो, हेही त्यामागील एक कारण आहे. पहिल्या दिवशी तासभर पुरे. एखादा फटका बसला आणि पिल्लू पळाले, तर मध्ये पडण्याचे कारण नाही. तो शिकवणीचाच भाग. रक्त दिसले, की मात्र पिल्लाला तत्काळ उचलून जखम भरेपर्यंत वेगळे ठेवावे.

या दिवसांत एक गोष्ट पाहण्यासारखी असते. पिल्लांना सर्वांत जास्त छळते, ती पुष्कळदा पहिल्या मानाची कोंबडी नसते. ती दाणे टिपता टिपता त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. धावून जाते ती आजवर शेवटी राहिलेली. कारण तिच्या खाली आता प्रथमच कोणीतरी आलेले असते.

काही आठवड्यांनी संध्याकाळी खुराड्याचे दार लावताना दिसते, की पिल्ले दांडीच्या एका टोकाला अंग चोरून बसली आहेत आणि त्यांना कोणी हटकत नाही. सहा महिन्यांच्या सुमारास त्यांतल्या माद्यांच्या तलंगा होतात, त्यांचे तुरे लाल होतात. मग एखाद्या सकाळी भरड टाकल्यावर त्यांतली एक तलंग बाजूला सरत नाही. ती मान उंच करून समोरच्या कोंबडीकडे पाहत उभी राहते.