धुलाईयंत्र आणि कपड्यांचे वर्गीकरण

शहापूर-मुरबाडकडील शाळांत शिकवणारे आपल्यापैकी अनेक शिक्षक कल्याण-डोंबिवलीस राहतात आणि कसाऱ्याच्या लोकलने येजा करतात. त्यांच्या घरचे धुलाईयंत्र आता आसनगाव-वासिंदकडील घरांतही दिसू लागले आहे. तेव्हा हा पाठ वर्गात घेण्यास हरकत नाही.

पाठाचे कारण सांगतो. प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशी एका मुलाचा पांढरा सदरा नव्या तांबड्या ओढणीबरोबर यंत्रात गेला व गुलाबी होऊन निघाला. दुसरा सदरा नव्हता. मूल चार दिवस शाळेस आले नाही.

प्रथम मुलांना घरून निरनिराळ्या कापडांचे तुकडे आणावयास सांगावे. त्यांचे पांढरे, फिके व गडद असे ढीग मुलांनीच करावेत. नव्या रंगीत कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबावा. चिंधीस रंग लागला तर ते कापड वेगळे धुवावे. जीन्सची नीळ सुताच्या आतवर मुरलेली नसते, वरच्या थरावर बसलेली असते. म्हणून ती पँट नेहमी उलटी करून, गडद कपड्यांबरोबरच टाकावी. टॉवेलाचे तंतू इतर कपड्यांस चिकटतात, त्यामुळे त्यांचा ढीग निराळा. लोकर व रेशीम हातानेच, थंड पाण्यात.

यानंतर खिसे. आपल्या व्यवसायात खडूचा तुकडा आणि बॉलपेन ही दोन विघ्ने ठरलेलीच! नाण्याने यंत्राचा पंप अडतो, तर पेनाच्या शाईने अख्खी खेप बिघडते. चेन लावून घ्यावी, बटणे सोडावीत, मोजे सरळ करावेत.

डागांचा भाग मुलांना विशेष आवडेल. हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो आणि घरची माणसे घाबरतात. हळदीतील रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते, अल्कलीत तांबडे होते, एवढेच त्याचे कारण. कागदाच्या पट्टीस ओली हळद लावून वाळवावी. तीवर साबणाचे पाणी, मग लिंबाचा रस टाकून दाखवावा. पट्टी तांबडी होऊन पुन्हा पिवळी झालेली पाहिली की मुले हा धडा विसरत नाहीत. उरलेला पिवळेपणा उन्हाने फिका पडतो. रक्ताचा डाग मात्र गार पाण्यातच भिजवावा. उष्णतेने रक्तातील प्रथिन गोठते व डाग पक्का होतो.

यंत्रावर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते. कपडे कोंबल्यास ते पाण्यात फिरत नाहीत आणि मळ तसाच राहतो. भुकटी जास्त घातल्यास ती कपड्यातच राहून अंगास खाज सुटते. कूपनलिकेचे पाणी जड असेल तर साबणास फेस कमी येतो, पण म्हणून मूठभर भुकटी वाढवणे हा उपाय नव्हे. एक वेळ जास्त खळबळावे.

पावसाळ्यात धुतलेले कपडे रात्रभर यंत्रात ठेवू नयेत. आपल्याकडील दमट हवेत त्यांस वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते ठिपके गणवेशावरून सहसा निघत नाहीत.